खचलेला मत्स्यसाठा पुन्हा कसा उभा करायचा

मासा आटला की दोन मागण्या एकदमच उठतात. ‘मासेमारी बंद करा’ ही एक आणि ‘बंद केली तर आम्ही खायचं काय’ ही दुसरी. दोन्ही रास्त असतात, आणि त्यांच्या वादात वर्षं निघून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोजणीनुसार १९७४ मध्ये जगातले सुमारे १० टक्के सागरी साठे मर्यादेपलीकडे उपसले जात होते. आज हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं आहे. पण याच काळात काही साठे तळातून वर आलेही: अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना, नॉर्वेचा हेरिंग, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे स्कॅलप शिंपले. हे अनुभव शेजारी-शेजारी ठेवले की कामाचा क्रम बराचसा सारखा दिसतो. मच्छीमार संस्था, मत्स्यखात्यातले अधिकारी आणि किनाऱ्यावर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी तो क्रम इथे मांडला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मासेमारी बंद करणं हा यातला सर्वांत अवघड भाग नाही. ती कुठल्या आकड्यावर उघडायची हे बंद करण्याच्या दिवशीच लिहून ठेवणं, आणि पुढे त्या लिहिलेल्याला चिकटून राहणं, हे अवघड आहे.

पायरी १: साठ्याची हद्द आखा

साठा म्हणजे एकाच जातीच्या माशांचा असा समूह, जो एकत्र अंडी घालतो, एकत्र वाढतो आणि शेजारच्या समूहात फारसा मिसळत नाही. ही हद्द सरकारी नकाशाशी जुळेल असं नाही. बहुधा जुळत नाहीच. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानं किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंत हक्क दिला, पण कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ भागाची दोन टोकं त्या रेषेबाहेर राहिली आणि तिथे परदेशी जहाजं मासे मारत राहिली. म्हणून पहिले प्रश्न असे विचारा: हा मासा अंडी घालायला कुठे जातो, पिल्लं कुठे वाढतात आणि मोठा झाल्यावर तो कुणाच्या जाळ्यात सापडतो? तीन ठिकाणी तीन वेगळे लोक असतील तर तिघंही पहिल्या बैठकीला हवेत. तिसऱ्या बैठकीत बोलावलेला माणूस विरोधक होऊनच येतो.

इथेच एक भेद पक्का करून घ्यावा. अतिमासेमारी चालू असणं ही वेगाची गोष्ट आहे: दरवर्षी किती हिस्सा मारला जातो. साठा खालावलेला असणं ही शिल्लकीची गोष्ट आहे: आता पाण्यात उरलंय किती. वेग एका हंगामात कमी करता येतो, शिल्लक मात्र आपल्या गतीनंच भरते. हा भेद लोकांना सुरुवातीला नीट सांगितला नाही तर दुसऱ्या वर्षी कुणीतरी उठून म्हणणारच, ‘नियम पाळले, तरी मासा कुठे आहे?’

पायरी २: मोजा, पण मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहू नका

मोठ्या, श्रीमंत मासेमारीत संशोधन जहाजं दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं जाळं ओढतात, माशांच्या कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, कापून त्यांवरची वलयं मोजतात आणि वय काढतात. जगातल्या बहुतेक साठ्यांच्या नशिबी हे नाही. म्हणून काहीच करता येत नाही असं मात्र मुळीच नाही. फूटपट्टी, तराजू आणि मासा चिरून बघायची तयारी एवढ्यावर बरंच कळतं.

बंदरावर उतरणाऱ्या मासळीतून दर महिन्याला नमुना घ्या. तो जाळ्याच्या प्रकारानुसार वेगळा ठेवा, कारण मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, जाळ्यात लहान मासा दिसत नाही म्हणून समुद्रात तो नाही असं होत नाही. प्रत्येक माशाची लांबी लिहा. काही मासे चिरून गाभोळी तयार आहे का ते बघा. ज्या लांबीला निम्मे मासे प्रौढ झालेले आढळतात, ती लांबी म्हणजे तुमचा पहिला मोलाचा आकडा. मत्स्यशास्त्रज्ञ रायनर फ्रोझ यांनी २००४ मध्ये अशा माहितीवर विचारायचे तीन सोपे प्रश्न सुचवले होते. पकडलेल्या माशांपैकी किती प्रौढ होते? सगळेच असावेत. किती मासे त्या मधल्या लांबीचे होते, जिथे एकाच पिढीचं एकूण वजन सर्वाधिक भरतं? जवळपास सगळे असावेत. आणि थोराड मासे किती? पकडीत साठ्याचं खरं प्रतिबिंब पडत असेल तर ३० ते ४० टक्के दिसायला हवेत. पकडीतला अर्ध्याहून अधिक मासा कोवळा निघाला, तर पुढच्या पायऱ्यांकडे वळायला आणखी पुरावा लागत नाही.

आता एक सापळा, ज्यात भलेभले अडकले. ‘बोटीला रोज मिळणारा मासा कमी झालेला नाही, म्हणजे साठा ठीक आहे’ हा तर्क. थव्यानं राहणारा मासा संख्या घटली की पसरून विरळ होत नाही, तो उरलेल्या जागी दाटीनं गोळा होतो. बोटींना ती जागा माहीत असते, आणि यंत्रं दर वर्षी सुधारत असतात. त्यामुळे शेवटच्या थव्यापर्यंत पकड चांगली दिसते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडमधल्या कॉड माशाबाबत हेच झालं. १९६८ मध्ये तिथून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला होता. १९८० च्या दशकात खोल समुद्रातल्या ट्रॉलरची पकड समाधानकारक होती आणि त्या आकड्यांवर साठ्याचे अंदाज फुगत गेले. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र मासा लहान होतोय, कमी येतोय, असं सांगत होते. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारनं मासेमारी बंद केली तेव्हा ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम एका घोषणेनं गेलं.

म्हणून बोटींच्या पकडीशी संबंध नसलेली एक तरी मोजणी ठेवा: ठरावीक जागी, ठरावीक जाळ्यानं, मासा असो नसो, दरवर्षी. आणि म्हाताऱ्या मच्छीमारांना बोलतं करा. प्रत्येक पिढी आपण तरुणपणी पाहिलेल्या समुद्रालाच मूळ समुद्र समजते, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. जुने फोटोही कामी येतात. फ्लोरिडातल्या की वेस्ट इथे हौशी मासेमारांनी बक्षिसाच्या माशांसोबत काढलेले फोटो तपासले गेले. १९५६ ते २००७ या काळात त्या माशांचं सरासरी वजन सुमारे २० किलोवरून अडीच किलोच्याही खाली आलं होतं. फोटोतल्या माणसांचे चेहरे मात्र तितकेच खूष होते.

पायरी ३: लक्ष्य आणि लक्ष्मणरेषा

दोन आकडे ठरवायचे असतात. एक लक्ष्य: साठा कुठवर न्यायचा. दुसरी लक्ष्मणरेषा: ज्याच्या खाली गेल्यावर त्या जातीवर रोखलेली मासेमारी थांबते. मासेमारी सुरू होण्याआधी जो साठा असावा असा अंदाज आहे, त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास लक्ष्य आणि २० टक्क्यांना रेषा, ही बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी ढोबळ मापं आहेत. साधं गणिती प्रारूप तर लक्ष्य ५० टक्क्यांवर ठेवतं, कारण त्या पातळीला साठ्याची वार्षिक वाढ सर्वाधिक असते. या प्रारूपावर एक उदाहरण कागदावर सोडवून बघू. बैठकीत मला सर्वांत उपयोगी वाटतं ते हेच.

समजा मूळ साठा १०,००० टन होता आणि वाढीचा दर ०.४ आहे. साठा ५,००० टनांवर असेल तर वर्षाला १,००० टन काढता येतात. आज तो २,००० टनांवर आलाय. या पातळीला वर्षाची वाढ ६४० टन (दर ०.४ × साठा २,००० × मूळ साठ्यातला रिकामा हिस्सा ०.८). आता तीन वाटा. पूर्ण बंदी केली तर साठा चौथ्या वर्षी ५,००० च्या पुढे जातो. वाढीच्या निम्मी, म्हणजे ३२० टन पकड ठेवली तर सहा वर्षं लागतात. आणि ‘थोडीशीच कपात’ म्हणत ६०० टन पकडत राहिलो तर सोळा वर्षं! ६६० टन पकडले तर साठा कधीच वर येत नाही, खालीच जातो.

याच्या पुढचा हिशेब आणखी बोलका आहे. सोळा वर्षांत एकूण मासा किती मिळतो? पूर्ण बंदीच्या वाटेनं आधी चार वर्षं शून्य आणि मग बारा वर्षं १,००० टन, म्हणजे १२,०००. निम्म्या पकडीच्या वाटेनं ११,९२०. किरकोळ कपातीच्या वाटेनं ९,६००. म्हणजे निम्म्या पकडीची वाट पूर्ण बंदीच्या जवळपास तेवढाच मासा देते आणि मधली सहा वर्षं चूलही पेटती ठेवते. माझा कल म्हणूनच बहुतेक ठिकाणी खोल पण पूर्ण नसलेल्या कपातीकडे असतो, पूर्ण बंदीकडे नाही. अट एकच, की ३२० म्हणजे ३२०च असले पाहिजेत. चोरून, लपवून, समुद्रात फेकून देऊन प्रत्यक्षात ६०० मरत असतील तर आपण सोळा वर्षांच्या वाटेवर आहोत आणि आपल्याला ते ठाऊकही नाही. जिथे पहारा अशक्य आहे तिथे पूर्ण बंदी बरी, कारण बंदी मोडलेली निदान डोळ्यांना दिसते.

खरा समुद्र असा गुळगुळीत चालत नाही. पण ‘थोडीशीच कपात’ सर्वांत महाग पडते हा निष्कर्ष गुंतागुंतीच्या प्रारूपांतही टिकतो.

किती वर्षांत साठा भरेल हे माशाच्या आयुष्यावर ठरतं. अँकोव्हीसारखा अल्पायुषी मासा पाण्याची साथ मिळाली तर दोन-तीन वर्षांत उसळी घेतो. नॉर्वेचा हेरिंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोसळला आणि सावरायला सुमारे वीस वर्षं गेली. १९८३ साली जन्मलेली एक दणदणीत पिढी मोठी होऊ दिली गेली, तिच्या जोरावर. ऑरेंज रफी हा खोल पाण्यातला मासा तिशीच्या आसपास प्रौढ होतो आणि शंभरी ओलांडतो. त्याच्याबाबतीत कुठल्याही राजकारण्यानं ‘माझ्या कारकिर्दीत’ हे शब्द वापरू नयेत. अमेरिकेच्या कायद्यात, साठ्याच्या जीवशास्त्राला शक्य असेल तिथे, जास्तीत जास्त १० वर्षांची मुदत आहे. मुदत कायद्यात असण्याचा फायदा असा, की दर वर्षी नव्यानं घासाघीस होत नाही.

पायरी ४: नियम आधी लिहा, आकडे मागून येऊ द्या

साठा या पातळीला असेल तर पकडीचा दर इतका, त्या पातळीला असेल तर तितका, असा उतरता नियम आधीच मंजूर करून घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो असा असू शकेल: ५,००० टनांच्या वर साठ्याच्या १८ टक्के पकड, २,००० च्या खाली शून्य, मध्ये प्रमाणात. म्हणजे ३,५०० टनांवर ९ टक्के, सुमारे ३१५ टन. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तळाच्या माशांसाठी वापरला जाणारा एक नियम ४० टक्क्यांच्या वर पूर्ण दर आणि १० टक्क्यांवर शून्य असा आहे. आकडे कुठले घ्यायचे यावर वाद होऊ द्या, खुशाल महिनाभर होऊ द्या. पण तो वाद यंदाची मोजणी हाती येण्याआधी संपला पाहिजे. आकडा समोर आल्यावर नियमावर चर्चा सुरू झाली, की नियम नेहमी एकाच दिशेला वाकतो.

पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिन ट्यूनाचं प्रकरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय आयोगानं वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांच्या सल्ल्याहून कितीतरी मोठी मर्यादा ठरवली. जगभर टीका झाल्यावर मर्यादा २०१० साठी १३,५०० टन आणि २०११ साठी १२,९०० टनांवर आणली, पहारा कडक केला. साठा वाढत गेला तशी ती टप्प्याटप्प्यानं वर नेली आणि २०२० मध्ये ती ३६,००० टन झाली. २०२१ मध्ये या माशाचं नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून सर्वांत कमी धोक्याच्या गटात गेलं.

पायरी ५: हत्यार मासेमारी बघून निवडा

एकूण पकडीवर मर्यादा घालणं हे सर्वांत थेट हत्यार. पण नुसती एकूण मर्यादा घातली तर शर्यत लागते. अलास्कात हॅलिबट माशासाठी अशी शर्यत इतकी वाढली होती की हंगाम एक-दोन दिवसांवर आला. वादळ असलं तरी बोटी निघायच्या, कारण न निघणं म्हणजे वर्ष बुडणं. १९९५ मध्ये प्रत्येकाला वैयक्तिक हिस्सा वाटून दिला आणि हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. न्यूझीलंडनं अशी हिस्सेवाटप पद्धत १९८६ पासूनच लागू केली आहे. तिचा दोषही माहीत असू द्या. हिस्से विकता येत असतील तर ते हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे जमा होतात आणि छोटा मच्छीमार आपल्याच समुद्रात भाडेकरू होतो. एका मालकाकडे किती हिस्सा असावा याची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. नंतर ती घालता येत नाही.

दिवस किंवा बोटींची संख्या मर्यादित करणं राबवायला सोपं असतं, पण इंजिन आणि यंत्रं सुधारत राहतात. आजचे शंभर दिवस दहा वर्षांपूर्वीच्या शंभर दिवसांपेक्षा जास्त मारतात. हे हत्यार निवडलं तर दर वर्षी दिवस थोडे कापत राहावे लागतील, आणि तसं नियमात लिहावं लागेल.

जाळ्याची आस मोठी करणं, आस चौकोनी ठेवणं, कोळंबीच्या जाळ्यात इतर मासळी आणि कासवं बाहेर पडतील अशी जाळी बसवणं, सापळ्यांना पिल्लांसाठी खिडकी ठेवणं, हरवलेला सापळा वर्षानुवर्षं मारत राहू नये म्हणून त्याला कुजणारा तुकडा लावणं: हे सगळं स्वस्त आहे आणि लगेच करता येतं. किमान लांबीचा नियम मात्र विचार करून घाला. खोलातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते. तो परत टाकला तरी बहुधा मरतो. अशा मासेमारीत लहान मासा जाळ्यातच न येणं महत्त्वाचं आहे.

आणि किमान लांबीइतकीच कमाल लांबीही महत्त्वाची, हे अजून पुरेसं पोचलेलं नाही. मोठी मादी वजनाच्या प्रमाणाबाहेर जास्त अंडी देते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० किलोची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते असं दिसलं, आणि त्या २८ जणींचं एकूण वजन ५६ किलो होतं! अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंड पकडणाऱ्यांना लहानही ठेवता येत नाही आणि फार मोठाही. अंड्यांवर आलेली मादी सापडली तर शेपटीला खाच पाडून सोडतात. ती खाच दिसली की पुढच्या वेळी अंडी नसली तरी तिला हात लावायचा नाही.

काही मासे अंडी घालायला दर वर्षी ठरलेल्या जागी, ठरलेल्या चंद्रकलेला हजारोंनी जमतात. तेव्हा त्यांना पकडणं म्हणजे साठा मुळासकट उपटणं. नसाउ ग्रुपर हा कॅरिबियनमधला मासा अशानंच बहुतेक ठिकाणी संपला. केमन बेटांनी २००३ पासून अशा जागांना संरक्षण दिलं आणि लिटल केमनजवळ जमणाऱ्या माशांची संख्या पंधरा वर्षांत सुमारे १,२०० वरून ७,००० च्या घरात गेली. तुमच्या साठ्याला अशी ठरलेली जागा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती वाचवा.

कायमचं राखीव क्षेत्र हा विषय भावनांनी भरलेला असतो. मेक्सिकोतलं काबो पुल्मो १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांनी तिथली मासेमारी थांबवली आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. दुसरीकडे फिलिपिन्समधल्या सुमिलोन बेटावर १९७४ मध्ये राखलेलं क्षेत्र १९८४ मध्ये मासेमारीला खुलं झालं, आणि आजूबाजूची पकड वाढण्याऐवजी घटली. राखीव भागातून बाहेर येणारा मासाच बंद झाला होता. बसून राहणाऱ्या जातींना राखीव क्षेत्राचा फायदा सर्वाधिक. अमेरिकेजवळच्या जॉर्जेस बँकचे काही पट्टे १९९४ मध्ये मुख्यतः तळाच्या माशांसाठी बंद केले होते, आणि उभे राहिले ते स्कॅलप. तिथला कॉड अजून सावरलेला नाही. दूरवर फिरणाऱ्या माशाला एका चौकोनात संरक्षण देऊन फार साधत नाही. बोटी सीमेवर येऊन थांबतात आणि बाहेरचा दाब वाढतो. म्हणून क्षेत्र बंद करताना एकूण पकडही तेवढ्या प्रमाणात कमी करायलाच हवी.

किनाऱ्यालगतच्या शिंपले, गोगलगाई, ऑक्टोपस अशा जातींसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती समुद्राचा तुकडा गावाच्या ताब्यात देण्याची पद्धत. चिलीत ‘लोको’ नावाची मोठी सागरी गोगलगाय इतकी ओरबाडली गेली की १९८९ ते १९९२ अशी बंदी घालावी लागली. १९९१ च्या कायद्यानं मच्छीमार संघटनांना किनाऱ्याचे ठरावीक पट्टे हक्कानं मिळू लागले. आपण सोडलेला जीव उद्या आपल्यालाच मिळणार याची खात्री झाली की पहारा द्यायला सरकारची वाट बघावी लागत नाही. सुरुवात लहान हवी असेल तर मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासारखी करा. तिथल्या आंदावादुआका गावाजवळ २००४ मध्ये ऑक्टोपस पकडण्याच्या जागेचा एक भाग काही महिने बंद ठेवला गेला. ऑक्टोपस भराभर वाढतो, त्यामुळे उघडल्यावर फरक सगळ्यांनी पाहिला आणि शेजारच्या गावांनीही तेच सुरू केलं. पहिला प्रयोग लवकर वाढणाऱ्या जातीवर करण्यामागचं शहाणपण हेच.

पायरी ६: बोटी कमी करा, आणि थांबणाऱ्याचं पोट भरा

साठ्याला झेपतील त्यापेक्षा दुप्पट बोटी असतील तर वरचा कुठलाही नियम टिकत नाही. कर्जाचा हप्ता नियमाला हरवतो. बोटी विकत घेऊन मोडीत काढण्याच्या योजना अनेक देशांनी केल्या. बहुतेकींत तीच चूक दिसते. जुनी बोट गेली, परवाना राहिला. किंवा मिळालेल्या पैशातून जास्त ताकदीची नवी बोट आली. बोट, परवाना आणि वापरात नसलेले झोपलेले परवाने, तिन्ही एकदम रद्द होणार असतील तरच पैसे द्या. दुसरीकडे सरकारं स्वतःच बोटी वाढवायला पैसे देत असतात. २०१८ मध्ये जगभरातल्या मासेमारी अनुदानांचा अंदाज सुमारे ३,५४० कोटी डॉलर होता, आणि त्यातले २,२२० कोटी क्षमता वाढवणारे होते: इंधन, नव्या बोटी, इंजिनं. जागतिक व्यापार संघटनेचा याबाबतचा करार २०२२ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला.

भरपाईची यादी करताना परवान्यांच्या नोंदवहीवरून करू नका. तिच्यात मालक असतात. खलाशी, मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, बर्फ वाहणारे, जाळी विणणारे त्यात नसतात, आणि बंदीचा पहिला फटका त्यांनाच बसतो. शक्य असेल तिथे नुसते पैसे देण्यापेक्षा मोजणीचं, पहाऱ्याचं, हरवलेली जाळी काढण्याचं काम द्या. माणूस समुद्राशी जोडलेला राहतो आणि तुम्हाला माहिती मिळते.

पायरी ७: पहारा

सगळ्या समुद्रावर नजर ठेवता येत नाही, पण सगळा मासा कुठेतरी उतरतो. उतरवण्याच्या जागा मोजक्या ठेवा आणि तिथे वजन करा. मोठ्या बोटींवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र आणि कॅमेरे, छोट्यांसाठी गावचा पहारा. परदेशी बोटींसाठी बंदरावरच्या तपासणीचा आंतरराष्ट्रीय करार २०१६ पासून लागू आहे. त्यात सामील असलेला देश चोरीचा मासा आणणाऱ्या जहाजाला बंदर नाकारू शकतो. दंड एका फेरीच्या कमाईपेक्षा कमी असेल तर तो दंड नाही, परवाना शुल्क आहे. आणि फेकून दिलेला मासा पकडीत मोजा. नॉर्वेनं १९८७ मध्येच कॉड आणि हॅडॉक समुद्रात फेकायला बंदी केली: आलेला मासा किनाऱ्यावर आणायचाच.

पायरी ८: पाणी बदललं तर आकडे बदला

कधी सगळं नीट करूनही मासा परतत नाही. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात २०१८-१९ च्या उष्ण पाण्यानंतर अब्जावधी स्नो क्रॅब खेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये त्यांचा हंगाम प्रथमच रद्द करावा लागला. तिथे दोष जाळ्याला देता येत नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये मॅकरेल उत्तर-पश्चिमेला सरकला, आइसलंडच्या पाण्यात पोचला, आणि हिस्सा कुणाचा किती यावर देशांची भांडणं लागली. प्रत्येकानं आपापली मर्यादा ठरवली आणि बेरीज सल्ल्याच्या वर गेली. तेव्हा दर चार-पाच वर्षांनी लक्ष्य आणि रेषा दोन्ही नव्यानं तपासा, आणि साठा सरकला तर वाटणी कशी बदलेल याचं सूत्र करारातच ठेवा. सावधगिरी एवढीच, की ‘हवामान बदललं’ हे कारण पकड कमी न करण्यासाठी वापरलं जाऊ नये. उष्ण पाण्यात साठ्याची वाढ मंदावली असेल तर पकडही कमीच व्हायला हवी.

पायरी ९: उघडणं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास हा मासा हे उघडण्याच्या नियमाचं माझ्या मते उत्तम उदाहरण. १९८० च्या दशकात साठा कोसळल्यावर राज्यांनी ठरवलं, की १९८२ साली जन्मलेल्या पिढीतल्या ९५ टक्के माद्यांना एकदा तरी अंडी घालू द्यायची. मेरीलँडनं १९८५ मध्ये पूर्ण बंदी घातली. उघडायचं कधी? पिल्लांच्या वार्षिक मोजणीची (जाळ्याच्या एका ओढीमागे किती पिल्लं) तीन वर्षांची सरासरी ८ च्या वर गेली की. एका चांगल्या वर्षावर नाही, तीन वर्षांच्या सरासरीवर. बंदी १९९० मध्ये उठली, तीही मर्यादित मासेमारीसाठी, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. मग लक्ष ढळलं. २०१९ मध्ये हाच साठा पुन्हा खालावलेला असल्याचं जाहीर करावं लागलं.

न्यूफाउंडलंडचा कॉड ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा व्यावसायिक मासेमारीला खुला झाला. मर्यादा १८,००० टन. त्याच्या आदल्या वर्षी साठ्याची धोक्याची रेषा नव्यानं काढली गेली होती आणि ती खाली आली होती. शास्त्रीय कारणं दिली गेली, ती खरीही असतील. पण रेषा हलवणं आणि दार उघडणं इतकं जवळ आलं की संशय येणारच, आणि तो टाळायचा असेल तर रेषा तपासण्याचं वेळापत्रक उघडण्याच्या चर्चेपासून दूर ठेवावं.

उघडताना या गोष्टी बघा. साठ्यात निदान तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या पिढ्या आहेत का? एकाच धडाकेबाज पिढीवर साठा मोठा दिसत असेल तर थांबा. जुन्या जागांवर मासा परतलाय का, की एकाच ठिकाणी दाटलाय? पहिल्या वर्षी नियमानं येणाऱ्या आकड्याच्या निम्मीच पकड द्या, आणि ती बंदीच्या काळात थांबलेल्यांना आधी, नव्या परवान्यांना मागून. अमेरिकेतले स्कॅलपचे पट्टे २००४ पासून आळीपाळीनं उघडतात: एका पट्ट्यात शिंपले मोठे झाले की तो उघडायचा, कोवळे असतील तो बंद ठेवायचा. तुमच्या जातीला हे जमण्यासारखं असेल तर ‘उघडलं’ आणि ‘बंद’ हा वादच निम्मा मिटतो. उघडल्यानंतर पहिली तीन वर्षं मोजणी दुप्पट करा. मोजणीचा पैसा बहुतेक ठिकाणी साठा सावरल्याच्या घोषणेबरोबरच कापला जातो, म्हणून तो पकडीवरच्या शुल्काला आधीच बांधून घ्या.